रोगप्रतिकारक पेशी आणि छद्मजनुके : वाचकांचे प्रश्न

छद्मजनुके, म्हणजे स्यूडोजीन, आणि रोगप्रतिकारक पेशी यांच्या संबंधाविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले असून लांबलेली पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या पदवीच्या पुस्तकात छद्मजनुकांची व्याख्या ‘निकामी झालेली जनुके’ अशी एका ओळीत उरकली आहे. ती निकामी असतील तर उत्क्रांतीच्या ओघात नाहीशी का झाली नाहीत? आणि ‘रोगप्रतिकारक पेशींतील छद्मजनुके’ असे म्हणणे मुळात बरोबर आहे का?

उत्तर : आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेऊ. केंद्रक असलेल्या बहुतेक सर्व पेशींत जवळपास तोच डीएनए असतो, त्यामुळे छद्मजनुकेही त्या सर्वांत असतात. रोगप्रतिकारक पेशींपुरता प्रश्न एवढाच उरतो की, त्यांपैकी कोणत्यांपासून तेथे आरएनए तयार होतो, आणि कोणती तशीच पडून राहूनही शेजारच्या जनुकांच्या कारभारात ढवळाढवळ करतात. यांतील दुसऱ्या प्रकाराकडे लेखांतून आणि व्याख्यानांतून फार कमी लक्ष दिले जाते. माझ्या मते मात्र भक्कम पुरावा त्याच बाजूला आहे.

स्यूडोजीन ही संज्ञा १९७७ साली जाक, मिलर आणि ब्राउनली यांच्या संशोधनातून रूढ झाली. झेनोपस जातीच्या बेडकात, प्रथिने घडवणाऱ्या रायबोसोम या पेशीयंत्राचा घटक असलेल्या ५-एस रायबोसोमल आरएनएच्या जनुकाशेजारी त्यांना त्याच जनुकाची अर्धवट प्रत आढळली होती. मानवी जनुकसंचात प्रथिने घडवणारी सुमारे २० हजार जनुके आहेत आणि छद्मजनुकांची संख्या १४ ते १५ हजारांच्या घरात आहे. काही छद्मजनुके मूळ जनुकाची शेजारीच दुसरी प्रत तयार होऊन आणि पुढे त्या प्रतीत बिघाड साचून निर्माण झाली. काही संदेशवाहक आरएनएची पुन्हा डीएनएत नक्कल होऊन ती गुणसूत्रांवर भलत्याच ठिकाणी घुसल्यामुळे निर्माण झाली. थोड्या प्रकरणांत प्रतच नव्हती; एकुलते एक मूळ जनुकच निकामी झाले.

ती नाहीशी का झाली नाहीत, याचे उत्तर साधे आहे. नैसर्गिक निवड घातक गोष्टी गाळते. निरुपद्रवी अडगळ हटवण्याची तिला घाई नसते. येथे एक बारकावा मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे. आरएनएपासून उलट नक्कल होऊन निर्माण झालेले छद्मजनुक पुढच्या पिढीत जायचे असेल, तर ती नक्कल जननपेशींत किंवा त्यांच्या पूर्वज पेशींतच व्हावी लागते. म्हणून तेथे जोमाने चालणाऱ्या जनुकांची, उदाहरणार्थ रायबोसोमच्या प्रथिनांची, अशी छद्मजनुके उदंड आहेत. प्रतिपिंडांची किंवा टी-पेशींवरील ग्राहकांची (रिसेप्टरची) जनुके जननपेशींत शांत असतात, आणि त्यामुळे या कुटुंबांतली छद्मजनुके बहुतांशी पहिल्या प्रकारची, मूळ जनुकांच्या शेजारीच ठाण मांडून बसलेली असतात. हा शेजार पुढील दोन उत्तरांत महत्त्वाचा ठरतो.

प्रश्न : छद्मजनुकांना ‘संभाव्य भूमिका’ असते असे सर्वत्र वाचायला मिळते. रोगप्रतिकारक पेशींमध्ये संभाव्य नव्हे, तर सिद्ध झालेली एक तरी भूमिका आहे का?

उत्तर : आहे, आणि ती गेल्या शतकातच सिद्ध झाली आहे. मात्र ती मानवात नसून कोंबडीत आहे.

मानव आणि उंदीर यांच्या बी-पेशी, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी, त्यांची विविधता प्रामुख्याने जुळणीतून मिळवतात. व्ही, डी आणि जे या नावांच्या जनुक-तुकड्यांचे अनेक पर्याय गुणसूत्रावर रांगेत असतात; प्रत्येक पेशी त्यांतून एकेक निवडून जोडते आणि त्या जोडणीतून तिचे स्वतःचे प्रतिपिंड ठरते. कोंबडीकडे हा मार्ग जवळजवळ बंद आहे. प्रतिपिंड जड आणि हलक्या अशा दोन प्रकारच्या प्रथिन-साखळ्यांचे बनते; तिच्या हलक्या साखळीसाठी कार्यक्षम असा व्ही-तुकडा एकच आणि जे-तुकडाही एकच असतो. जड साखळीच्या बाबतीतही कार्यक्षम व्ही एकच आहे. निवडायलाच काही नसल्यामुळे निव्वळ जुळणीवर विसंबल्यास तिच्या सर्व बी-पेशींची प्रतिपिंडे जवळपास सारखीच निघाली असती. प्रत्यक्षात कोंबडीची प्रतिपिंडे भरपूर विविध असतात.

१९८० च्या दशकात क्लोद-आन्येस रेनो, जाँ-क्लोद वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कोड्याची उकल केली. हलक्या साखळीच्या त्या एकमेव व्ही-तुकड्याच्या अलीकडे सुमारे २५ व्ही-छद्मजनुकांची रांग आहे, तर जड साखळीच्या बाबतीत ही संख्या ८० च्या आसपास जाते. या छद्मजनुकांना स्वतःचा प्रारंभक (जनुक सुरू करणारा डीएनएचा भाग) नाही, जुळणीसाठी लागणाऱ्या खुणा नाहीत आणि अनेकांची टोके तुटलेली आहेत, त्यामुळे त्यांपासून थेट प्रथिन बनणे अशक्य आहे. परंतु बर्सा ऑफ फॅब्रिशियस या अवयवात बी-पेशी वाढत असताना छद्मजनुकांतील लहानमोठे तुकडे कार्यक्षम व्ही-जनुकात उतरवले जातात. देणारे छद्मजनुक जसेच्या तसे राहते, घेणारे जनुक तेवढ्या भागापुरते बदलते. जीन कन्व्हर्जन या नावाने ओळखली जाणारी ही क्रिया एकाच पेशीवंशात पुन्हा पुन्हा होते, आणि निरनिराळ्या छद्मजनुकांतून आलेल्या तुकड्यांच्या मिश्रणातून विविधता उभी राहते.

या निष्कर्षाला मी सिद्ध का म्हणतो, तेही सांगायला हवे. छद्मजनुकातला क्रम आणि बदललेल्या जनुकातला क्रम यांचा अक्षरशः मेळ बसतो, हा एक पुरावा झाला. पण खरा कस प्रयोगात लागतो. कोंबडीच्या डीटी-४० या बी-पेशीवंशात एआयडी हे, बी-पेशींत प्रतिपिंडांच्या डीएनएत बदल घडवून आणणारे, एन्झाइम काढून टाकल्यावर ही देवाणघेवाण थांबली. त्याहून बोलका प्रयोग म्हणजे छद्मजनुकांची ती रांगच काढून टाकण्याचा. देणारेच उरले नाहीत, तेव्हा त्याच जागी जीन कन्व्हर्जनऐवजी एकेका अक्षरात सुटी उत्परिवर्तने साचू लागली. छद्मजनुके होती तोवर एक गोष्ट घडत होती आणि ती काढल्यावर दुसरी घडू लागली. भूमिकेचा याहून स्पष्ट पुरावा जीवशास्त्रात क्वचितच मिळतो.

आता मानवाकडे वळू. प्रतिपिंडाच्या जड साखळीचे व्ही-तुकडे असलेला मानवी पट्टा १९९८ साली संपूर्ण वाचला गेला, तेव्हा त्यात १२३ व्ही-तुकडे सापडले आणि त्यांपैकी ७९ छद्मजनुके निघाली. एवढा साठा पाहून कोंबडीसारखीच व्यवस्था येथेही असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मानवी बी-पेशी विविधतेसाठी या मार्गावर अवलंबून असल्याचे दिसत नाही, त्या जुळणी आणि सुटी उत्परिवर्तने यांवर भागवतात. सशात मात्र जीन कन्व्हर्जन चालते. म्हणजे रचना सारखी दिसली म्हणून काम सारखे असेलच असे नाही, आणि एका प्रजातीतला निष्कर्ष दुसरीकडे उचलून नेताना सावध राहावे लागते.

मानवात ही देवाणघेवाण एका व्यक्तीच्या आयुष्यात नव्हे, तर उत्क्रांतीच्या काळपटावर झाल्याचे एक चांगले उदाहरण उपलब्ध आहे. सिग्लेक-११ हा ग्राहक मानवी मेंदूतील मायक्रोग्लिया या रोगप्रतिकारक पेशींवर आढळतो. त्याच्या जनुकाचा काही भाग शेजारच्या सिग्लेक-१६ च्या छद्मजनुकातून उतरलेला आहे, असे २००५ साली दाखवण्यात आले. चिंपांझीत हा बदल झालेला नाही.

प्रश्न : आमच्या नात्यातील एका मुलाला वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होत असे. तपासणीअंती ‘क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज’ असे निदान झाले आणि त्याचे कारण ‘छद्मजनुकाशी संबंधित’ असल्याचे अहवालात लिहिले आहे. जे जनुक मुळातच मेलेले आहे, त्यामुळे आजार कसा होईल?

उत्तर : अहवालातला उल्लेख बहुधा एनसीएफ-१ या जनुकाविषयी असावा, कारण या आजाराच्या संदर्भात छद्मजनुकाचे नाव निघते ते तेथेच. पार्श्वभूमी अशी. न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या पेशी गिळलेल्या जिवाणूंना आणि बुरशीला मारण्यासाठी ऑक्सिजनपासून अतिक्रियाशील रेणू बनवतात. हे काम करणारे एन्झाइम अनेक प्रथिनांचे मिळून बनते आणि त्यांतले एक प्रथिन एनसीएफ-१ या जनुकापासून तयार होते. ते नसेल तर पेशी जंतूंना गिळतात, पण मारू शकत नाहीत.

सातव्या गुणसूत्रावर या जनुकाच्या दोन्ही बाजूंना त्याची दोन छद्मजनुके आहेत. मूळ जनुकाशी ती जवळजवळ तंतोतंत जुळतात. फरक आहे तो दुसऱ्या एक्झॉनच्या (जनुकातील, अंतिम संदेशात राहणाऱ्या भागाच्या) प्रारंभी : मूळ जनुकात तेथे जी-टी-जी-टी अशी चार अक्षरे आहेत, तर छद्मजनुकांत फक्त जी-टी. ही दोन अक्षरे गळाली की पुढची संपूर्ण वाचनचौकट, म्हणजे अक्षरे तीन-तीनच्या गटांत वाचण्याची मांडणी, सरकते आणि लवकरच थांबण्याचा संकेत येतो. जननपेशी तयार होताना गुणसूत्रांत देवाणघेवाण होते, आणि इतके सारखे क्रम शेजारी असले की ती कधीकधी चुकीच्या जोडीत होते. त्यातून छद्मजनुकातील उणीव मूळ जनुकात उतरते. एनसीएफ-१ मुळे होणाऱ्या या आजारात बहुसंख्य रुग्णांमध्ये जगभर हाच एक दोष सापडतो, त्यामागील कारण हे आहे. कोंबडीत जी क्रिया प्रतिपिंडांना विविधता देते, जवळपास तीच येथे आजाराला कारणीभूत होते. ‘भूमिका’ या शब्दातून लाभच अभिप्रेत असतो असे मानण्याची सवय आपण सोडायला हवी.

हा दोष अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून सदोष प्रत आली तरच आजार होतो. याच आजाराचे दुसरे आणि अनेक देशांत अधिक आढळणारे रूप एक्स गुणसूत्रावरील सीवायबीबी या जनुकातील दोषामुळे होते, आणि त्याची आनुवंशिकता निराळी आहे. त्यामुळे पुढच्या अपत्याविषयी किंवा भावंडांविषयी विचार करताना कोणते जनुक सदोष आहे, याची अहवालातून खातरजमा करून जनुकीय समुपदेशकाशी बोलावे. एनसीएफ-१ ची तपासणीही किचकट आहे : नेहमीच्या पद्धतीने क्रम वाचल्यास छद्मजनुकांचे तुकडे मूळ जनुकाच्या तुकड्यांत मिसळतात आणि दोष झाकला जातो, किंवा नसलेला दोष दिसतो. म्हणून जी-टी-जी-टी आणि जी-टी यांचे परस्पर प्रमाण मोजण्याच्या खास चाचण्या वापरल्या जातात, आणि त्यांच्या जोडीला पेशी प्रत्यक्षात क्रियाशील रेणू बनवतात की नाही हे पाहणारी डायहायड्रोऱ्होडामिन चाचणी केली जाते. निदानाचा पाया ही दुसरी चाचणी असते. उपचारांचे निर्णय मात्र आपल्या तज्ज्ञांकडेच सोपवावेत.

प्रश्न : छद्मजनुकांपासून तयार होणारा आरएनए ‘स्पंज’सारखा काम करून रोगप्रतिकारक जनुकांवर नियंत्रण ठेवतो, असे एका व्याख्यानात ऐकले. यात तथ्य किती?

उत्तर : कल्पना आकर्षक आहे, काही ठिकाणी खरीही असेल, परंतु तिचा जेवढा बोलबाला झाला तेवढा पुरावा तिच्या पाठीशी नाही.

तिचे मूळ २०१० सालच्या एका संशोधनात आहे. पीटीईएन या जनुकाचे एक छद्मजनुक आहे, पीटीईएनपी-१. दोघांचे आरएनए इतके सारखे आहेत की, पीटीईएनचा संदेश दडपणारे मायक्रो-आरएनए नावाचे छोटे आरएनए छद्मजनुकाच्या आरएनएलाही चिकटतात. लॉरा पोलिसेनो, पिअर पाओलो पँडोल्फी आणि सहकाऱ्यांनी असे दाखवले की, छद्मजनुकाचा आरएनए वाढवला तर मायक्रो-आरएनए त्यात अडकून राहतात आणि मूळ पीटीईएनचे प्रमाण वाढते. पीटीईएन हे टी आणि बी-पेशींच्या वाढीलाही आवर घालते, त्यामुळे रोगप्रतिकारशास्त्रज्ञांनी ही कल्पना लगेच उचलली. प्रयोग मात्र कर्करोगाच्या पेशींवर झाले होते.

आक्षेप आहे तो हिशेबाचा. एखाद्या पेशीत मायक्रो-आरएनएला चिकटण्याच्या जागा आधीच प्रचंड संख्येने असतात. यकृतपेशींत विपुल असलेल्या एका मायक्रो-आरएनएवर २०१४ साली केलेल्या काटेकोर मोजणीत असे दिसले की, त्याचा प्रभाव लक्षणीयरीत्या कमी करण्यासाठी दर पेशीत लाखाहून अधिक नव्या जागा घालाव्या लागतात. बहुतेक छद्मजनुकांचे आरएनए पेशीत मोजकेच, अनेकदा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, असतात. ते एवढा भार उचलतील असे मानायला ठोस कारण लागते. कृत्रिमरीत्या आरएनए शेकडो पटींनी वाढवून मिळालेला परिणाम हे तसे ठोस कारण ठरत नाही.

तरीही एक प्रयोग सहज बाजूला सारता येत नाही. २०१५ साली बीआरएएफ या जनुकाचे छद्मजनुक उंदरांत वाढीव प्रमाणात व्यक्त केले असता त्यांना बी-पेशींचा आक्रमक लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कर्करोग, झाला. मानवातील ‘डिफ्यूज लार्ज बी-सेल’ प्रकाराशी तो मिळताजुळता होता. येथेही छद्मजनुकाची पातळी मुद्दाम वाढवलेली होती, हे खरे. पण परिणाम संपूर्ण प्राण्यात, आणि तोही रोगाच्या रूपात दिसला.

स्पंजाच्या कल्पनेपेक्षा मला दुसरी दोन उदाहरणे अधिक बोधप्रद वाटतात. पहिले ‘लेथी’ नावाच्या आरएनएचे. उंदरातील एका रायबोसोमल प्रथिनाच्या छद्मजनुकापासून तो तयार होतो. दाह उत्पन्न करणारे टीएनएफ आणि इंटरल्युकिन-१ हे संकेत पोचले की त्याचे प्रमाण वाढते, आणि दाहाची जनुके सुरू करणाऱ्या एनएफ-कॅपा-बी या प्रथिनसमूहातील रेल-ए या घटकाला तो चिकटून त्याला डीएनएपासून दूर ठेवतो. दाहानेच दाहाला लगाम घालावा, अशी ही व्यवस्था. २०१३ सालचे मूळ संशोधन भ्रूणाच्या तंतुजनक पेशींवर, म्हणजे फायब्रोब्लास्टवर झाले होते. मॅक्रोफेजमधील त्याच्या कार्याविषयीचे काम नंतरचे आहे. लेखांत हा क्रम पुष्कळदा विसरला जातो आणि सारेच जणू रोगप्रतिकारक पेशींत सापडले असे लिहिले जाते.

दुसरे उदाहरण २०१८ सालचे आणि मानवी पेशींतले आहे. ५-एस रायबोसोमल आरएनएचे आरएनए-५एसपी-१४१ हे एक छद्मजनुक आहे. एरवी त्याचा आरएनए काही प्रथिनांच्या आवरणाखाली असतो. हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू पेशीत शिरला की तो पेशीची स्वतःची प्रथिननिर्मिती बंद पाडतो, त्यामुळे ही आवरणाची प्रथिनेही कमी पडतात. दरम्यान हा आरएनए केंद्रकातून बाहेर पेशीद्रवात येतो आणि तेथे उघडाच रिग-आय या पहारेकरी प्रथिनाच्या हाती लागतो. रिग-आय सामान्यतः विषाणूचा आरएनए ओळखते, पण येथे ते पेशीच्याच छद्मजनुकाच्या आरएनएने चेतवले जाते आणि इंटरफेरॉन या विषाणूविरोधी प्रथिनांची निर्मिती सुरू होते. हा आरएनए कमी केल्यावर विषाणूविरोधी प्रतिसाद मंदावला. विषाणूने प्रथिननिर्मिती बंद पाडली हीच गोष्ट त्याच्या आगमनाची वर्दी देते. रिग-आय केवळ पांढऱ्या पेशींत नव्हे तर शरीरातील बहुतेक पेशींत असते, हेही लक्षात असू द्यावे.

प्रश्न : मी संशोधक विद्यार्थी आहे. आमच्या सिंगल-सेल आरएनए माहितीत (एकेका पेशीतील आरएनए स्वतंत्रपणे मोजणाऱ्या) जिवाणूंच्या संपर्कानंतर मॅक्रोफेजमध्ये एका रायबोसोमल प्रथिनाच्या छद्मजनुकाची पातळी वाढलेली दिसते. यावर शोधनिबंध लिहावा का?

उत्तर : लगेच नको. रायबोसोममधील प्रथिने सुमारे ८० आणि त्यांची छद्मजनुके मात्र दोन हजारांच्या आसपास. मूळ जनुकांचा आरएनए पेशीत अतिशय विपुल असतो, त्यामुळे वाचनातील एखाददुसऱ्या चुकीनेही मूळ जनुकाचे तुकडे छद्मजनुकाच्या खात्यात जमा होऊ शकतात. शिवाय सिंगल-सेल पद्धतींत बहुधा आरएनएच्या टोकाचाच छोटा तुकडा वाचला जातो, आणि तेथे दोघांत फरक सांगणारी अक्षरे नसतीलही. मूळ जनुकाची पातळी वाढली असेल तर छद्मजनुकाची वाढही निव्वळ तिची सावली असण्याची शक्यता दाट आहे.

प्रथम, केवळ एकाच ठिकाणी बसणारे तुकडे मोजून वाढ टिकते का ते पाहावे. मग दोघांत भिन्न असलेल्या अक्षरांवर बेतलेले प्रायमर (नेमका क्रम शोधून त्याच्या प्रती काढणारे छोटे डीएनए-तुकडे) घ्यावेत, शक्य असल्यास लांब पल्ल्याच्या वाचनाने संपूर्ण आरएनए वाचावा, आणि डीएनएची भेसळ नाही याची खात्री करण्यासाठी रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजविना (आरएनएची डीएनएत नक्कल करणाऱ्या एन्झाइमविना) केलेली तुलना जोडावी. एक्झॉनच्या सांध्यावर बेतलेले प्रायमर उलट नकलेतून आलेल्या छद्मजनुकाच्या डीएनएवरही तितकेच चालतात, हे अनेकांना प्रयोग झाल्यावर उमगते. एवढ्यातून निभावल्यास ते छद्मजनुक कमी करून पाहावे, तेही मूळ जनुकाला धक्का न लावता. क्रिस्पर या जनुकसंपादन तंत्राचा मार्गदर्शक आरएनए दोन्हीकडे बसणार असेल तर त्या प्रयोगाचा अर्थ लावताच येणार नाही. लेथी हाही रायबोसोमल प्रथिनाच्या छद्मजनुकाचाच आरएनए आहे, तेव्हा आपला निष्कर्ष खोटाच असेल असे मी म्हणत नाही.

प्रश्न : सर्व माणसांत तीच जनुके छद्मजनुके असतात का?

उत्तर : नाही. काही जनुके एका व्यक्तीत शाबूत आणि दुसऱ्या व्यक्तीत निकामी असतात. टीएलआर-५ हा ग्राहक जिवाणूंच्या कशाभिकेतील प्रथिन ओळखतो. काही लोकांत त्याच्या जनुकात मध्येच थांबण्याचा संकेत आहे, आणि अशा व्यक्तींना लीजनेअर्स आजाराचा (जिवाणूंमुळे होणाऱ्या एका न्यूमोनियाचा) धोका अधिक असल्याचे २००३ साली आढळले. एफसीजीआर-२सी हे जनुक बहुतेकांत असेच अर्धवट तुटते, पण काहींत ते पूर्ण वाचले जाते आणि त्यांच्या नॅचरल किलर पेशींवर प्रतिपिंड पकडणारा एक जादा ग्राहक दिसतो. सिग्लेक-१६ चेही तसेच आहे. अशा ठिकाणी ‘जनुक’ आणि ‘छद्मजनुक’ हे शब्द प्रजातीला नव्हे तर व्यक्तीला लावावे लागतात.

प्रश्न : रोगप्रतिकारक जनुक गमावणे फायद्याचे कसे असू शकेल? संरक्षण कमी होण्यात लाभ काय?

उत्तर : रोगप्रतिकारक यंत्रणेचे अस्त्र स्वतःच्या शरीरावरही चालते, त्यामुळे अस्त्रागारातील प्रत्येक वस्तूची किंमत मोजावी लागते. कॅस्पेस-१२ हे याचे बहुचर्चित उदाहरण. बहुतेक मानवांत या जनुकात थांबण्याचा संकेत आहे आणि पूर्ण प्रथिन बनत नाही. आफ्रिकी वंशाच्या लोकांपैकी सुमारे २० टक्क्यांत पूर्ण लांबीचे प्रथिन आढळते, इतरत्र क्वचितच. २००४ सालच्या अभ्यासात असे दिसले की, पूर्ण प्रथिन असलेल्यांच्या पेशी जिवाणूंच्या विषाला कमी जोमाने प्रतिसाद देतात आणि तीव्र सेप्सिस (संसर्गामुळे सर्व शरीरात होणारी घातक प्रतिक्रिया) झालेल्या रुग्णांत अशा व्यक्तींचे प्रमाण अधिक असते. पाठोपाठ, निकामी रूप मानवांत पसरण्यामागे नैसर्गिक निवड असल्याचे जनुकीय पुरावेही पुढे आले. म्हणजे येथे गमावले ते आवर घालणारे जनुक. जंतुसंसर्गांचे ओझे जेथे मोठे, तेथे जोमदार प्रतिसाद उपयोगी पडला असावा, हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे, पण ते स्पष्टीकरणच आहे. इतिहासाची पुनरावृत्ती प्रयोगशाळेत करता येत नाही.

सीएमएएच या जनुकाची गोष्ट त्याहून मोठी आहे. सस्तन प्राण्यांच्या पेशींच्या पृष्ठभागावरील एक विशिष्ट सियालिक आम्ल या जनुकाच्या एन्झाइममुळे बनते. मानवी वंशात अंदाजे २० ते ३० लाख वर्षांपूर्वी त्यातील ९२ अक्षरांचा एक एक्झॉन गळाला आणि ते आम्ल आपल्या शरीरात बनणे बंद झाले. अजित वर्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयाचा दीर्घकाळ पाठपुरावा केला आहे. परिणाम दुहेरी आहेत. चिंपांझींना ग्रासणारा हिवतापाचा एक परजीवी ज्या आम्लावर भिस्त ठेवतो तेच आपल्याकडे नाही. दुसरीकडे मांस आणि दुधातून आलेले हे आम्ल आपल्या ऊतींत शिरते आणि आपलीच प्रतिपिंडे त्याला परके समजतात. उंदरांत हे जनुक मुद्दाम निकामी केल्यावर त्यांचे मोनोसाइट आणि मॅक्रोफेज दाहाकडे अधिक झुकले आणि जिवाणू अधिक चांगले गिळू लागले. हे छद्मजनुक आज काहीही बनवत नाही, तरी त्याच्या नसण्याची छाप आपल्या प्रत्येक मॅक्रोफेजवर आहे. याला छद्मजनुकाची भूमिका म्हणावे की जनुक हरवल्याचा परिणाम, असे विचाराल तर मी दुसरे म्हणेन.

टीएलआर-११ चा उल्लेख केवळ सावधगिरीसाठी करतो. उंदरात हा ग्राहक टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचे प्रोफिलिन प्रथिन ओळखतो, मानवात ते छद्मजनुक आहे; उलट टीएलआर-१० मानवात शाबूत आणि उंदरात मोडलेले आहे. उंदरावरील निष्कर्ष मानवाला लावण्यापूर्वी ही यादी एकदा पाहून घेणे इष्ट.

प्रश्न : निकामी झालेले रोगप्रतिकारक जनुक पुन्हा चालू करता येईल का?

उत्तर : एका बाबतीत ते प्रयोगशाळेत झाले आहे. १९९९ साली ऱ्हीसस माकडाच्या पांढऱ्या पेशींत थीटा-डिफेन्सिन नावाचा, १८ अमिनो आम्लांचा आणि दोन्ही टोके जुळून वर्तुळाकार झालेला जंतुनाशक पेप्टाइड सापडला. त्यासाठीचे दोन अर्धे तुकडे निरनिराळ्या पूर्वप्रथिनांतून येतात. ओरांगउटानमध्ये ही जनुके शाबूत आहेत, तर गोरिला, चिंपांझी आणि मानव यांच्यात ती छद्मजनुके झाली आहेत. मानवाच्या अस्थिमज्जेत त्यांचा आरएनए अजूनही तयार होतो. अडसर फक्त सुरुवातीच्या संकेत-भागातील थांबण्याच्या संकेताचा आहे.

मानवी छद्मजनुकातील क्रम वाचून तो पेप्टाइड २००२ साली रसायनशाळेत घडवण्यात आला; त्याला रेट्रोसायक्लिन म्हणतात, आणि पेशीसंवर्धनात त्याने एचआयव्ही-१ ला पेशीत शिरण्यापासून रोखले. पुढे २००९ साली वेगळी वाट चोखाळली गेली. अमिनोग्लायकोसाइड गटातील प्रतिजैविके रायबोसोमला थांबण्याचा संकेत ओलांडायला लावू शकतात. त्यांपैकी टोब्रामायसिनच्या साह्याने मानवी पूर्व-रक्तपेशींत हा पेप्टाइड त्यांच्याच आरएनएपासून तयार झाला आणि तो कार्यक्षमही होता. म्हणजे लाखो वर्षे पडून राहिलेल्या त्या जनुकात उरलेला क्रम अजून वापरण्याजोगा होता. मात्र ही औषधे मूत्रपिंडाला आणि श्रवणशक्तीला इजा करू शकतात, शिवाय थांबण्याचे संकेत ओलांडण्याची ही क्रिया एकाच जनुकापुरती मर्यादित ठेवता येत नाही, म्हणून या हेतूने ती पोटात घेण्याचा किंवा टोचून घेण्याचा विचारही कोणी करू नये. बाहेर घडवलेला पेप्टाइड, किंवा औषध केवळ त्वचेवर अथवा श्लेष्मल आवरणावर लावणे, हे मार्ग त्या मानाने व्यवहार्य वाटतात.